सहा पराती, एक पडदा आणि स्टेडियमचा प्रश्न

कोल्हापुरातल्या एका हौशी नाट्यगटानं शहरातल्या बुजवलेल्या तळ्यांवर नाट्य-मांडणशिल्प, म्हणजे प्रेक्षकांनी आत फिरून बघायची मांडणी, करायचं ठरवलं, तेव्हा संहिता तयार होती, मंडळी तयार होती, फक्त जागा नव्हती. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली उभं राहिलेलं ते पॅलेस थिएटर. पुढं ज्यांचं नाव त्याला मिळालं त्या गायकनट ‘संगीतसूर्य’ केशवरावांची जयंती दुसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला होती. त्यानंतर गावातल्या हौशी मंडळींनी जिथं मिळेल तिथं तालमी केल्या. शाळेचा हॉल, मंगल कार्यालयाचं जेवणघर, कुणाची गच्ची.

या गटाला शेवटी शाहूपुरीत गुळाचं एक जुनं गोदाम मिळालं. मी गटाची सभासद नाही. संहितेवर मत द्यायला मला बोलावलं होतं आणि मग मी उठलेच नाही, एवढाच माझा संबंध. हे प्रकरण सविस्तर लिहिण्यासारखं वाटलं, कारण पर्यावरणावर नाटक किंवा मांडणशिल्प करायला निघालेला प्रत्येक जण ज्या चिखलात रुततो त्यात ही पोरंही रुतली होती, आणि त्यातून त्यांना बाहेर काढलं ते बघायला आलेल्या लोकांनी. नावं मुद्दाम देत नाही. पेठेत सगळे सगळ्यांना ओळखतात.

गोदामाच्या शेठजींनी भाडं घेतलं नाही. अटी मात्र दोन घातल्या: तुळयांना खिळा मारायचा नाही आणि दिवाळी पाडव्याच्या आधी, म्हणजे गुळाचे सौदे सुरू व्हायच्या आत, झाडून मोकळं करून द्यायचं. उन्हाळ्यात गोदाम रिकामंच असतं. वर कौलं, मधेमधे काचेची कौलं, जमिनीत मुरलेला गुळाचा वास. आणि भिंतीवर दोन रेषा. एक २०१९ च्या महापुराची, दुसरी २०२१ ची. जयंती नाला जवळ असल्यानं कुंभार गल्लीच्या बाजूला पाणी चढतं तेव्हा ते विचारून येत नाही. रेषेखालचा चुना काळपट-तपकिरी, वरचा पांढरा. नेपथ्य करणाऱ्या मुलीनं पहिल्या भेटीतच सांगितलं की भिंतीला हात लावायचा नाही, रंग तर मुळीच द्यायचा नाही. या प्रकरणातला तो सगळ्यात कमी चर्चेचा आणि सगळ्यात बरोबर निर्णय होता.

तळ्याचं मनोगत

मूळ संहिता काय होती ते सांगायला हवं. मधोमध निळा कपडा, त्यात बसलेली एक नटी, केस मोकळे. ती म्हणजे तळं. ती बोलायला लागते: मी या नगरीची तहान भागवली, माझ्या काठावर लेकी-सुनांनी सुखदुःखं सांगितली, आणि तुम्ही मला मातीनं गाडलंत. मागं बासरी. शेवटी अंधारात थेंब पडल्याचा आवाज.

ऐकायला वाईट नव्हतं. पण हे दहावीच्या पेपरातलं मनोगत होतं. ‘मी नदी बोलतेय’, ‘मी पडका वाडा बोलतोय’ असे निबंध आपण सगळ्यांनी लिहिलेत आणि शेवटच्या परिच्छेदात मानवाला बजावून दहापैकी सात मार्क घेतलेत. असल्या लेखनात कोण हळहळतंय ते कळतं, कशासाठी ते कळत नाही. तळं कुठलं? कुणी बुजवलं? तिथं आज काय आहे? तिथं आज जे आहे त्यावाचून आपलं चालतं का?

शेवटचा प्रश्न अवघड आहे. कोल्हापूर एकेकाळी तळ्यांचं गाव होतं. कपिलतीर्थाच्या जागी आज भाजी मंडई आहे. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं. रावणेश्वराच्या तळ्यावर शाहू स्टेडियम उभं आहे आणि शेजारी रावणेश्वराचं देऊळ अजून आहे. पद्माळाही गेला. रंकाळा आणि कोटीतीर्थ उरलेत, सांडपाणी आणि जलपर्णी सोसत का होईना. म्हणजे गेलेल्या तळ्यांवर कुण्या एका बिल्डरचा टॉवर नाही. त्यावर आपली भाजी आहे, आपल्या सभा आहेत, आपला फुटबॉल आहे. खलनायक सापडत नाही, आणि खलनायक नसला की मनोगत लिहिणाऱ्याची पंचाईत होते.

मी हे बोलून दाखवल्यावर दिग्दर्शक पोरगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग त्यानं फोन केला, "ताई, बासरी काढली." मनोगत अजून होतंच, पण सुरुवात झाली.

पेंटरमामा

कोल्हापूरला नाटकाच्या पडद्यांची मोठी परंपरा आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे आधी पडदे रंगवण्यासाठी प्रसिद्ध झाले, सिनेमा नंतर आला. संगीत नाटकात रंगमंचावरचा निसर्ग म्हणजे पडदाच: जंगलाचा पडदा, नदीकाठचा पडदा, बागेचा पडदा. गटानं ठरवलं की मागं एक मोठा तळ्याचा पडदा हवा, जुन्या पद्धतीचा. तो रंगवायला पाट्या रंगवणारे एक जुने पेंटर आले. फ्लेक्स आल्यापासून हाताला काम नाही, पण हात तसाच. सगळे त्यांना मामा म्हणत.

पोरांनी अॅक्रिलिकचे डबे आणून ठेवले होते. मामांनी ते बघितले आणि बाजूला सारले. "ह्यो रंग धुतला तर जाणार न्हाई. तुमास्नी जायाला पायजे न्हवं?"

त्यांनी मांजरपाट मागवला, चुलीवर सरस शिजवला, त्यात खडूची पूड आणि रंगाची पूड कालवली. जुने पडदे असेच रंगवले जात. सरस हे प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेलं चिकट द्रव्य. सुकलं की रंग धरून ठेवतं, पाणी लागलं की सोडून देतं. म्हणून नाटक मंडळ्या पावसाळ्यात पडद्यांना जीवापाड जपत. इथं तोच दोष उपयोगाचा होता. पडद्याचा खालचा काठ पाण्याच्या पन्हळीत बुडवला तर मांजरपाटाचा धागा पाणी वर ओढतो, आणि रंगवलेलं तळं खऱ्या पाण्यानं हळूहळू विरघळतं.

ही कल्पना मामांना कुठून सुचली म्हणाल तर आबालाल रहिमानांवरून. शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार आबालाल कोटीतीर्थाकाठी राहत. १९२२ साली महाराज गेले आणि त्या दुःखात त्यांनी आपली चित्रं पाण्यात सोडली, असं कोल्हापुरात सांगतात. मामा ही गोष्ट सरस ढवळता ढवळता सांगत होते, कुणी विशेष लक्ष देत नव्हतं, आणि मग नेपथ्यवाल्या मुलीनं एकदम विचारलं, "मामा, आपला पडदा भिजवला तर?" पुढं ही आख्यायिका प्रयोगात घ्यावी असा आग्रह झाला. घेतली नाही, ते बरं झालं. एवढी देखणी गोष्ट आली की बाकी सगळं तिच्यासमोर मान तुकवतं.

नाट्यगृहाच्या आगीचंही तेच. जळकी लाकडं आणून दारात ठेवायची सूचना आली होती. त्या आगीचं दुःख गावात इतकं ताजं होतं की नुसतं बोट लावलं तरी डोळ्यांत पाणी आलं असतं, आणि लोक रडले ते तळ्यांसाठी असा गटाचा गैरसमज झाला असता.

पडद्याच्या चाचणीत एक गोष्ट लक्षात आली. सगळ्यांना वाटत होतं की पाणी भिंतीवरच्या पुराच्या रेषेपर्यंत चढेल. कसलं काय! मांजरपाटावर ते जेमतेम वीतभर चढलं आणि थांबलं. पण जिथं थांबलं तिथं रंगाची एक करडी-हिरवी कड उमटली, सुकल्यावर ती तशीच राहिली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या किंचित वर दुसरी. मामांनी चष्मा वर करून ती पाहिली आणि म्हणाले, "हे मी रंगवलं असतं तर खोटं वाटलं असतं."

पराती

पडद्यापुढं सहा पराती, उतरत्या लेव्हलवर. कुंभार गल्लीतल्या एका मूर्तिकारानं शाडू दिला. चार परातींत तो काठोकाठ दाबून भरलेला, म्हणजे बुजलेली तळी: कपिलतीर्थावर गोणपाटाचे इवले मांडव, वरुणतीर्थावर सभेच्या खुर्च्या, रावणेश्वरावर फक्कीनं आखलेलं फुटबॉलचं मैदान, पद्माळा नुसता सपाट. उरलेल्या दोन परातींना खोलगट पोट: कोटीतीर्थ आणि रंकाळा. प्रत्येक प्रेक्षकाला दारात पाण्यानं भरलेला एक तांब्या मिळणार. तो त्यानं कुठल्याही एकाच परातीत ओतायचा. जे पाणी मावणार नाही ते पन्हळीतून पडद्याच्या बुडाशी जाणार.

प्रकाशयोजनेवर भांडण झालं. प्रकाशवाल्यानं वरून दोन पार कॅन, म्हणजे रंगमंचाचे झगझगीत दिवे, लावले होते, हजार-हजार वॉटचे. त्या उष्णतेनं शाडू वाळून तडकला. भेगा दिसायला फार सुंदर होत्या. पेपरात दुष्काळाच्या बातमीसोबत येतो तसला फोटो. पण कुणीतरी त्यावर तांब्या ओतला तर पाणी सरळ भेगांत शिरलं, परात ते पिऊन मोकळी, आणि बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. बुजलेलं तळं पाणी धरतंय असं दिसत होतं. खरं तर उलटं दिसायला हवं होतं. मग पार काढले, शाडूवर ओलं गोणपाट टाकून तो कायम ओलसर ठेवला. ओली दाबलेली चिकणमाती पाणी घेत नाही, ते वरून घरंगळतं. प्रयोग दुपारी साडेचारला ठेवले आणि उजेडाचं काम काचेच्या कौलांवर सोपवलं. हानीवरचं मांडणशिल्प दोन हजार वॉट जाळून दाखवायचं का, हा प्रश्नही त्यात परस्पर मिटला.

हा प्रश्न मोठमोठ्यांना सुटलेला नाही. २०१५ च्या डिसेंबरात पॅरिसला हवामान परिषद भरली होती तेव्हा ओलाफुर एलियासन या कलावंतानं ग्रीनलँडच्या बर्फाचे बारा ठोकळे शहराच्या चौकात आणून वितळायला ठेवले. लोक त्यांना हात लावत, कान लावत. काम प्रभावी होतं, आणि तो बर्फ एवढ्या लांबून वाहून आणायला किती इंधन जळलं हेही तेव्हाच विचारलं गेलं. आमच्या गटाला वाहतुकीची चिंता नव्हती. शाडू चार घरं सोडून पलीकडून आला.

खुली तालीम

पहिल्या प्रयोगाआधी गल्लीतल्या, ओळखीच्या लोकांना बोलावून एक खुली तालीम केली. प्रकरणाची कूस इथं बदलली.

नटीचं मनोगत (आता बरंच आटलेलं) संपलं. लोक पराती बघत फिरले, फोटो काढले, "छान, छान" झालं. रावणेश्वराच्या परातीशी एक गडी बराच वेळ थांबला होता. फुटबॉलवाला. कुठल्या पेठेचा ते लिहीत नाही, दुसरी पेठ भांडायला येईल. त्यानं तांब्या खाली ठेवला आणि दिग्दर्शकाला म्हणाला, "भावा, एक इचारू? तुमचं म्हणणं काय हाय? स्टेडियम उकरून तळं करायचं व्हय?"

कुणीतरी हसलं. दिग्दर्शक म्हणाला की तसं नाही, आम्हाला फक्त जाणीव करून द्यायची आहे. तो गडी शांतपणे म्हणाला, "जाणीव हाय की. माझ्या आज्ज्यानं सांगितलंय तितं तळं हुतं म्हणून. तरीबी मॅचला मीच पैला असतोय. आता काय करू?"

यावर कुणाकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नव्हतं.

त्याच दिवशी दुसरा धक्का पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी दिला. संहितेत एक वाक्य होतं: तळी बुजवली म्हणून महापूर आला. काका भिंतीवरच्या रेषांकडं हात करून म्हणाले, "पंचगंगेचा महापूर तळ्यात मावत नसतो, बाळांनो." आणि त्यांनी तिथंच खडूनं फरशीवर हिशोब मांडला. समजा तळं पाच हेक्टरचं, तीन मीटर खोल. दीड लाख घनमीटर पाणी. राधानगरीचं धरण ८.३६ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), म्हणजे असली दीड हजारांवर तळी. त्याच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी एक उघडला की १४२८ क्युसेक सुटतं. सेकंदाला चाळीस घनमीटर. एकच दरवाजा हे तळं तासाभरात भरून टाकेल. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४३. हे पाणी सह्याद्रीतून, भोगावती-कुंभी-कासारी-तुळशीतून आलेलं. गावातल्या तळ्यांनी त्यात काही फरक पडला नसता.

पोरांची तोंडं उतरली. मग काकाच पुढं म्हणाले, "पण गांधी मैदानात दर पावसाळ्यात पाणी का तुंबतंय, ते इचारा. ते तुमच्या वरुणतीर्थाचं हाय." नदीचा पूर वेगळा आणि गावावर पडलेल्या पावसाचं तुंबणं वेगळं. दुसऱ्यासाठी गावातल्या खोलगट जागांचा हिशोब लागतोच. पाण्याला उतार ठाऊक असतो, नकाशावरचं नाव ठाऊक नसतं.

पर्यावरणावर काम करणाऱ्या कलावंतांना हा भाग रुक्ष वाटेल. माझ्या मते या प्रकरणाचा कणा तोच आहे. भावनेच्या भरात घातलेलं एक चुकीचं कारण सगळी मांडणी मोडीत काढतं, कारण प्रेक्षकांत बसलेल्या एका तरी माणसाला खरं माहीत असतं. कोल्हापुरात पुराबाबत तर प्रत्येकालाच माहीत असतं. इथल्या बाईला विचारा, बंधाऱ्यावर किती फूट झालं की कुठला रस्ता बंद होतो ते ती तोंडपाठ सांगेल.

एजंट

त्या रात्री मनोगत गेलं. नटीला वाईट वाटलं, पण नवीन भूमिका ऐकून ती खुलली. आता ती जमिनीची एजंट होती: डोळ्यांवर गॉगल, काखेत फाइल, एका कानाला मोबाइल. प्रेक्षक आत आले की ती त्यांना गिऱ्हाईक समजून पराती दाखवत फिरते. "या साहेब, या वहिनी. मध्यवस्ती, देऊळ शेजारी, मंडई पायाखाली. पाण्याची अडचण? छे हो! पाणी पावसाळ्यात आपोआप घरात येतं." रावणेश्वराशी पोचल्यावर ती क्षणभर गॉगल काढते आणि म्हणते, "हे मात्र विकायचं नाही. हे आमचं आहे. मॅच असते." पुन्हा गॉगल. फुटबॉलवाल्याचा प्रश्न असा आत आला, उत्तराविना.

काकांचा खडूचा हिशोब फरशीवर तसाच ठेवला. रोज पुसट व्हायचा, रोज कुणीतरी गिरवायचं. प्रेक्षकांना चालताना त्यावरून जावं लागे.

प्रयोगांत लोकांनी पाणी कुठं ओतलं? गटाचा अंदाज होता की माणसं गेलेल्या तळ्यांना पाणी घालतील, श्राद्धाला घालतो तसं. झालं भलतंच. बहुतेक सगळे सरळ रंकाळ्याकडं गेले. काही जण दारातूनच विचारायचे, "रंकाळा कुठला?" रोज संध्याकाळी ज्याच्या काठावर भेळ खाल्ली, त्यालाच तांब्या. अर्ध्या तासात रंकाळ्याची परात काठोकाठ भरे, तरी पुढचा येऊन त्यातच ओते, आणि जास्तीचं पाणी शाडूचा गढूळ रंग घेऊन पन्हळीतून पडद्याकडं जाई. पडदा भिजला तो बुजलेल्या तळ्यांपेक्षा रंकाळ्यावरच्या प्रेमानं जास्त. हे कुणी लिहिलेलं नव्हतं. दिग्दर्शकाला आधी हा प्रयोग फसल्यासारखा वाटला. मला उलट तिथंच काहीतरी हाताला लागलं असं वाटलं: माणसं गेलेल्यावर पाणी घालत नाहीत, उरलेल्यावर घालतात, आणि एकट्या उरलेल्यावर सगळ्यांचा भार पडतो.

पद्माळ्याच्या परातीत जवळजवळ कुणीच पाणी ओतलं नाही. एका दुपारी एका म्हातारीनं ओतलं. "हे बिचारं तसंच पडलंय," म्हणाली आणि कौतुकाची वाट न बघता निघून गेली.

फुटबॉलवाला शेवटच्या प्रयोगाला परत आला, सोबत चार पोरं घेऊन. एजंटबाईच्या ‘मॅच असते’वर त्यांनी शिट्ट्या मारल्या. मग त्यानं आपला तांब्या रावणेश्वरात ओतला. फक्कीची रेघ वाहून गेली आणि त्यालाच वाईट वाटलं. त्यानं ती बोटानं पुन्हा ओढायचा प्रयत्न केला, ओल्या शाडूवर फक्की काही धरेना.

जे सुटलं नाही

मे महिन्यात लोकांना पाणी ओतायला लावणं योग्य का, अशी टीका झाली. दिवसाला दोन-तीन कळशा पाणी जायचं, आणि ते गाळून पुन्हा वापरलं जायचं. तरी प्रश्न रास्त होता, आणि दारावर तसं लिहून लावण्यापलीकडं गटानं काही केलं नाही. फोटोंचंही जमलं नाही. पडद्यासमोर सेल्फी काढणारे शेवटपर्यंत काढत राहिले. फोन बाहेर ठेवायला लावा असं मामांचं मत होतं. मला ते पटत नाही: त्यातल्या बऱ्याच जणांनी फोटोसोबत आपल्या घराखालचं तळं कुठलं ते लिहिलं होतं.

शाडू कुंभार गल्लीत परत गेला, गणपतीच्या कामाला. गोदाम वेळेआधी झाडून दिलं. पडद्यावर मात्र वाद आहे. नेपथ्यवाली म्हणते तो धुऊन मांजरपाट परत वापरावा, कारण तेच तर सांगितलं आपण. मामा म्हणतात, कडांसकट गुंडाळून ठेवा. सध्या तो मामांच्या माळ्यावर आहे, म्हणजे निकाल लागल्यातच जमा.

पुण्याहून एका गटाचं बोलावणं आलंय. पराती आहेत तशा नेऊन तिथं कपिलतीर्थ दाखवण्यात अर्थ नाही, हे सगळ्यांनाच पटलं. पर्वतीच्या पायथ्याच्या तळ्याचं सारसबाग आणि सणस मैदान झालं, तिथं त्यांचीही मॅच असतेच. त्यांना तसं कळवलंय: तळ्यांची यादी आणि पाण्याचा हिशोब घालणारा एक काका तुम्ही शोधा, एजंटबाई आणि सरस आम्ही आणतो. यादी अजून आलेली नाही.